जुन्या जीपचे अनोळखी पार्ट ओळखायला मदत हवी (राधानगरी रोड, कोल्हापूर)

भोगावतीकाठ

रामराम मंडळी. थोरल्या चुलत्यांची जीप माझ्या वाट्याला आली आहे. शेतातल्या शेडात बरीच वर्षं उभी होती. आरसी बुकात महिंद्रा, उत्पादन १९६४, नोंदणी १९७४ एवढंच कळतं. बोनेट उंच, पुढच्या जाळीला सात फटी, पेट्रोल इंजिन. जाम नाही, हँडल मारलं की फिरतंय. गाडीसोबत पार्टांनी भरलेलं एक पोतं आहे. चुलते ते कुठून गोळा करायचे त्यांनाच ठाऊक, आणि आता विचारायला ते नाहीत.

आमचा मिस्त्री म्हणतोय, नको ते कापून भंगारात घाला, गाडी हलकी हुईल. मला ते पटंना. म्हणून इथं विचारतोय.

गाडीखाली गिअरबॉक्सच्या मागं फोर व्हीलचा जो डबा असतो, त्याच्या पाठीतून एक जादा शाफ्ट मागच्या बंपरपर्यंत गेलाय. तिथं एक छोटी ओतीव पेटी आणि तिच्यातून बाहेर आलेला खाचांचा दांडा, खाचा सहा. वर पत्र्याचं टोपण. आत सीटांच्या मध्ये गिअरचा एक आणि छोटे दोन असे तीन दांडे असतात ते मला माहीत आहेत, पण इथं चौथाही आहे. डॅशखाली दातेरी पट्टीवर सरकणारी एक मूठ आहे. अॅक्सिलरेटरच्या शेजारी जमिनीत एक जाड बटण आहे. आणि मागचा डिफरन्शियल (एक्सलवरचा गिअरचा गोळा) मधोमध नाही, चांगला उजवीकडं सरकलाय. शेजारच्या गॅरेजवाल्याचं म्हणणं, एक्सल दुसऱ्या गाडीचा आहे.

पोत्यात: बारीक चिरा असलेले दोन छोटे दिवे, पंखाचा नट असलेली एक वाकडी पट्टी, विणलेल्या तारांच्या चपट्या पट्ट्या बऱ्याच, डोक्यावर इंग्रजी एफ अक्षर असलेले मूठभर बोल्ट, आणि स्प्रिंगचा एकच जाड छोटा पाटा. त्याचा जोडीदार कुठंच सापडत नाही.

फोटो ड्राइव्हवर टाकलेत, लिंक खाली देतो.

पेठेतला पाना

भावा, पहिलं काम, मिस्त्रीच्या हातातनं ग्राइंडर काढून घे. लिंक परवानगी मागतीया, फोटो काय उघडंनात. पण तू लिहिलंयस त्यावरनं सांगतो.

सहा खाचांचा दांडा म्हणजे पीटीओ, इंजिनची ताकद बाहेरच्या यंत्राला द्यायची सोय. ट्रॅक्टर चालवणाऱ्या कुठल्याबी पोराला बोलावून दाखव, लांबनंच सांगंल. व्यास मोज. एक पूर्णांक तीन अष्टमांश इंच, म्हणजे पस्तीस मिलिमीटरच्या आसपास भरला तर ट्रॅक्टरचाच मापाचा दांडा. चौथा दांडा त्याचाच. तुमच्या भागात ह्याच्यावर काय चालत असणार सांगायला नको, उसाचा चरक नाहीतर मळणी. कापायचं नाव काढू नकोस मर्दा, हे असलं अख्खं सेट आता मिळत न्हाई.

गंजलेला बोल्ट

पानासाहेबांशी सहमत. थोडी भर घालतो, कारण हा भाग नीट समजून घेण्यासारखा आहे.

तुमची गाडी वर्णनावरून सीजे-३बी आहे. १९५३ साली विलीस या अमेरिकन कंपनीने ती आणली. दुसऱ्या महायुद्धातल्या जीपच्या इंजिनात दोन्ही व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये असत. नव्या हरिकेन इंजिनात इनलेट व्हॉल्व्ह वर हेडमध्ये गेला, एक्झॉस्ट खालीच राहिला. इंजिन उंच झालं म्हणून बोनेट उंच झालं, एवढंच त्या 'उंच कपाळा'चं कारण. दोन्ही इंजिनं १३४ घनइंच, म्हणजे साधारण २२०० सीसी. अमेरिकेत हे मॉडेल १९६८ ला बंद पडलं, पण महिंद्राने त्याच्यावर पुढं बरीच वर्षं गाडी ओढली.

आता तो डबा. त्याचं नाव स्पायसर १८ ट्रान्स्फर केस. त्याच्या पाठीला गिअरबॉक्सच्या मुख्य शाफ्टच्या रेषेत एक तोंड असतं. साध्या जीपमध्ये तिथं नुसतं झाकण बसवलेलं असतं. शेतीसाठी घेतलेल्या जीपला झाकणाच्या जागी पीटीओचा जोड येई. चाचणी सोपी आहे: ट्रान्स्फर केसचा हाय-लोचा दांडा न्यूट्रलला ठेवा, चौथा दांडा टाका, मग मुख्य गिअर टाकून क्लच सोडा. गाडी जागची हलणार नाही आणि मागचा दांडा फिरेल. पहिल्या गिअरला हळू, तिसऱ्याला जोरात. करताना मागं कोणी उभं राहू नये, लुंगी-धोतर-ओढणी तर अजिबात नको. ते पत्र्याचं टोपण शोभेला दिलेलं नाही.

दातेरी मूठ गव्हर्नरची असावी. चरक चालताना ऊस जास्त गेला की इंजिन दबतं, कमी झाला की बोंबलतं. गव्हर्नर ते एका वेगावर धरून ठेवतो. इंजिनच्या पुढच्या अंगाला जादा पट्टा, एक छोटी पेटी आणि तिथून कार्बोरेटरकडे गेलेली सळई दिसते का बघा.

डिफरन्शियल उजवीकडे आहे कारण तिथेच असायला हवा. स्पायसर १८ मधून मागचा प्रॉपेलर शाफ्ट मधून निघतच नाही, उजव्या बाजूने निघतो. पुढचाही तिकडूनच. खाली वाकून पुढचा गोळा बघा, तोही उजवीकडेच दिसेल. गॅरेजवाल्यांना नमस्कार सांगा.

फोर बाय फोर

चौथा दांडा ओव्हरड्राइव्हचा, म्हणजे इंजिन कमी फिरवून गाडी पळवणाऱ्या जादा गिअरचा, पण असू शकतो ना? वॉर्नचा ओव्हरड्राइव्ह त्याच तोंडात बसतो.

गंजलेला बोल्ट

बसतो. पण तोंड एकच, त्यामुळे तिथं ओव्हरड्राइव्ह तरी असतो नाहीतर पीटीओ. ओव्हरड्राइव्हची पेटी मागून बंद असते, तिच्यातून शाफ्ट बाहेर पडत नाही. इथे शाफ्ट बंपरपर्यंत गेलाय, विषय संपला.

पेठेतला पाना

आणि ते पायातलं बटण स्टार्टरचं. चावीनं फकस्त इग्निशन चालू व्हायचं, स्टार्टर पायानं दाबायचा. डाव्या पायाशी दुसरं बारकं बटण आसंल तर ते डिपरचं. दोन्हीत घोळ घालू नको.

फोर बाय फोर

थांबा जरा, पोत्याकडे कोणी बघितलंच नाही! चिरांचे दिवे म्हणजे ब्लॅकआउट मार्कर, अंधारात चालवायचे मंद दिवे, युद्धातल्या जीपच्या जाळीवर असायचे. पंखाचा नट असलेली पट्टी म्हणजे हेडलाइटची बिजागरी. एफ म्हणजे फोर्ड! दादा, तुमच्याकडे फोर्ड जीपीडब्ल्यू आहे, वर महिंद्राचं बोनेट चढवलंय. युद्धातली अस्सल जीप म्हणजे किंमत कुठल्या कुठे जाईल. आरसी वगैरे सोडा, तेव्हा काय वाट्टेल ते लिहायचे.

गंजलेला बोल्ट

पोत्यातले पार्ट बरोबर ओळखलेत. निष्कर्ष मात्र पोत्यातून काढलात, गाडीतून नाही.

एक-एक घेऊ. ती बिजागरी माझी आवडती वस्तू आहे. युद्धातल्या जीपचे हेडलाइट जाळीच्या आत, या वाकड्या पट्टीवर असत. पंखाचा नट सैल केला की दिवा मागे उलटा फिरतो आणि उजेड थेट इंजिनवर पडतो. रात्री बोनेट उघडून काम करायला दुसरा दिवा नको, की बॅटरी धरायला माणूस नको. इतकी साधी आणि इतकी डोकेबाज पट्टी नंतरच्या जीपमधून का काढली, मला आजवर पटलेलं नाही. सीजे मालिकेत हेडलाइट मोठे झाले आणि जाळीत पक्के बसले. भोगावतीकाठ यांच्या जाळीत ते पक्के बसलेले असतील, म्हणजे ही बिजागरी या गाडीची नाही.

एफच्या बोल्टचं असं की युद्धकाळात जीप विलीस आणि फोर्ड दोघे बनवत. आराखडा विलीसचा, फोर्डने परवान्यावर बनवली. जीपीडब्ल्यूमधला जी सरकारी कामाचा, पी ८० इंची व्हीलबेसचा, डब्ल्यू विलीसचा. दोघांच्या मिळून सहा लाखांवर गाड्या झाल्या. फोर्डने आपल्या सुट्या भागांवर, अगदी बोल्टच्या डोक्यावरसुद्धा, वळणदार एफ उठवला. पण बोल्ट काय, एका गाडीतून निघतो आणि दुसरीत जातो. पोत्यातल्या मूठभर बोल्टांनी चासी फोर्डची होत नाही.

गाडी कुठली हे तीन ठिकाणी बघायचं: चासी, इंजिनचा ब्लॉक, एक्सल. जाळीच्या फटी मोजल्या तर युद्धातल्या ठोकीव जाळीला नऊ असतात, सीजेला सात. आणि समजा उद्या खरंच युद्धातली चासी कोणाला सापडली, तर रेडिएटरच्या खाली हात घाला. तिथली आडवी पट्टी गोल पाइपची असली तर विलीस, उलट्या चॅनेलची असली तर फोर्ड. रंगाचे कितीही थर चढले तरी हे हाताला कळतं.

फोर बाय फोर

बरं, मान्य. पण मग युद्धातल्या जीपचे पार्ट भोगावतीच्या काठी कसे आले?

पेठेतला पाना

लष्कराचा माल लिलावात निघायचा तसा आला आसंल. त्या काळात जीपवाला माणूस दिसंल तो पार्ट घेऊन ठेवायचा. आमच्या उद्यमनगरात अजूनबी जुन्या लेथवाल्यांच्या माळ्यावर असली पोती हाईत. बसंल का न बसंल ते नंतर.

हॅमवाला

इतके दिवस हा विभाग नुसता वाचत होतो, आज लिहायलाच हवं. विणलेल्या तारांच्या चपट्या पट्ट्या माझ्या विषयातल्या, म्हणजे हॅम (हौशी) रेडिओच्या, आहेत.

त्या बाँडिंगच्या पट्ट्या. पेट्रोल इंजिनात प्लगची ठिणगी पडते तेव्हा प्रत्येक ठिणगी रेडिओत 'कट्' असा आवाज पाठवते. बोनेट, बॉडी, चासी, इंजिन हे पत्र्याचे वेगवेगळे तुकडे रबराच्या पॅडवर बसलेले, त्यामुळे प्रत्येक तुकडा आपापला अँटेना होतो. ते एकमेकांना या पट्ट्यांनी जोडले की आवाज बराच दबतो. ज्या जीपमध्ये हा बंदोबस्त पूर्ण केलेला असे तिच्या बोनेटवरच्या नंबरानंतर एस अक्षर रंगवलेलं असे. दुर्बिणीतून बघणाऱ्याला कळावं, हिच्याजवळ वायरलेस सेट चालेल.

टाकू नका. महिंद्रात लावल्यात तरी उपयोग आहे, अर्थिंग सुधारतं. जुन्या जीपमधले निम्मे इलेक्ट्रिकचे आजार अर्थिंगचेच असतात. लावण्याआधी टोकांचा गंज आणि खालचा रंग घासून काढा, नाहीतर पट्टी नुसती लोंबकळत राहील.

गंजलेला बोल्ट

उत्तम माहिती. राहिला तो एकटा पाटा. त्याचा जोडीदार शोधू नका, नसतोच. युद्धातल्या जीपला नंतर फक्त पुढच्या डाव्या पाट्याखाली हा जादा पाटा देत, ब्रेक मारताना एक्सल पिळवटू नये आणि गाडी एका बाजूला ओढू नये म्हणून. त्यामुळे उजवीकडचा हरवलाय असं समजून लोक दुसरा बनवून घेतात, तेही पाहिलं आहे.

भोगावतीकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. फोटोंची परवानगी आता उघडली आहे.

हेडलाइट जाळीत पक्केच आहेत. दांडा व्हर्नियरने मोजला, पस्तीसच्या थोडा खाली. गव्हर्नरची पेटी नाही, पण इंजिनवर तिची रिकामी ब्रॅकेट आणि पुलीला एक जादा खाच आहे. पुढचा गोळाही उजवीकडंच निघाला. गॅरेजवाले आता म्हणतायत, मला माहीत होतं.

एक नवीन गोष्ट. मागचा डिफरन्शियल रॉकेलनं धुतला. काळ्या थराखाली पांढरा रंग निघालाय, पूर्ण गोळ्याला. आणि त्याच्या वर, बॉडीच्या खालच्या अंगाला, खाली तोंड केलेल्या बारक्या दिव्याची नुसती वाटी आहे. वायर तुटलेली. पांढरा रंग कोण कशाला मारेल?

माजी ईएमई

जय हिंद. मी ईएमईत, म्हणजे फौजेच्या गाड्या दुरुस्त करणाऱ्या दलात होतो. हा प्रश्न वाचून बरं वाटलं.

ताफा रात्री अंधारात चालतो तेव्हा हेडलाइट बंद. पुढच्या गाडीचा टेल लॅम्पही नको, तो लांबून दिसतो. मग मागच्या ड्रायव्हरने अंतर धरायचं कशावर? पुढच्या गाडीच्या मागच्या डिफरन्शियलला पांढरा रंग आणि त्याच्यावर वरून पडणारा एक मंद दिवा. वरून विमानाला दिसत नाही, बाजूने दिसत नाही, फक्त बरोब्बर मागे असलेल्याला एक पांढरा ठिपका दिसतो. नवा पोरगा पहिल्यांदा त्या ठिपक्यावर डोळा ठेवून घाट चढतो तेव्हा त्याला सकाळपर्यंत दुसरं काही आठवत नाही.

आता तुमच्या आरसीकडे परत बघा. उत्पादन १९६४, नोंदणी १९७४. मधली दहा वर्षं गाडी कुठे होती? माझं मत, फौजेत. सेवा संपल्यावर लिलावात निघाली, मग मुलकी नोंदणी झाली, आणि पीटीओ तुमच्या चुलत्यांनी किंवा त्यांच्या आधीच्या मालकाने नंतर बसवला. खात्री करायची तर जिथं नंतर कोणी रंग मारायला गेलं नसेल तिथं बघा. मागच्या चाकांच्या वरचे हत्यारांचे कप्पे असतील तर त्यांच्या आत, डॅशच्या पाठीमागे, पेट्रोल टाकीच्या खाली. ऑलिव्ह ग्रीन निघाला पाहिजे.

घासू नका. पातळ कापडाला थिनर लावून एक-एक थर उतरवा. सँडब्लास्टिंगवाल्याकडे गाडी गेली की हा सगळा इतिहास भुकटी होऊन खाली पडतो.

पेठेतला पाना

साहेब, नाद खुळा! एवढी वर्षं जीपा खोलतोय, पांढरा गोळा बघितला की वाटायचं कुणीतरी प्रायमर मारून सोडलाय.

करवीरकर

थोडं विषयांतर. दरवर्षी शाही दसऱ्याला दसरा चौकात छत्रपतींची जुनी मेबॅक मोटार येते तेव्हा अख्खं कोल्हापूर फोटोला धावतं. पण शेताशेतांत असल्या जीपा पडून आहेत, त्यांच्याकडं कुणी बघत नाही. असो.

कामाची गोष्ट: नोंदणीला ५० वर्षं झालेली खासगी गाडी आता विंटेज म्हणून नोंदवता येते, २०२१ पासून तसा नियम आहे. नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर व्हीए येतं, नोंदणी दहा वर्षांची. अट अशी की चासी, बॉडी आणि इंजिनात मोठा बदल नको. आणि मग ती रोज भाजी आणायला न्यायची नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल आणि दुरुस्ती एवढ्यालाच. शेतात राबवायची असेल तर हा मार्ग नको. कापाकापीच्या आधी हे ठरवा, कारण मिस्त्रीचा ग्राइंडर एकदा चासीला लागला की पर्यायच राहत नाही.

भोगावतीकाठ

ईएमई साहेब, डॅशच्या मागं हिरवा निघाला. गर्द, मेहंदीसारखा. आई म्हणते चुलत्यांनी गाडी आणली तेव्हा ती निळी होती, म्हणजे तो थर त्याच्याही आधीचा.

आता पुढचं विचारतो. ओतीव भागांवर अक्षरं-आकडे आहेत पण वाचता येत नाहीत. आणि कुठले पाने लागतील? माझ्याकडचा १३ चा पाना सैल पडतोय.

गंजलेला बोल्ट

सैल पडणारच. जीपचे बोल्ट इंची. १३ चा ढिला वाटतो तिथं अर्धा इंच हवा, तो १२.७ मिलिमीटर. ९/१६ ला लोक १४ चा ठोकून बसवतात आणि मग नटाचे कोपरे गोल करून आमच्याकडे येतात. ७/१६, १/२, ९/१६, ५/८, ३/४ एवढे पाने आणि त्याच मापाचे सॉकेट घ्या, निम्मं काम होईल. अनोळखी पार्ट ओळखायलाही हे कामी येतं. एखाद्या ब्रॅकेटला मिलिमीटरचा बोल्ट बिनझोल बसला तर ती नंतर कोणीतरी बसवलेली. तुमच्या गाडीवर अशा दोन-चार निघतील.

ओतकामावरचे आकडे वाचायला आधी रॉकेल आणि पितळी ब्रश, लोखंडी नको. कोरडं झालं की खडू आडवा धरून घासा. उठावाची अक्षरं पांढरी होतात, खोलगट काळी राहतात. फोटो समोरून फ्लॅश मारून काढू नका, बॅटरी एका बाजूने तिरकी धरा. कार्बोरेटर आणि पेट्रोल पंपाला गंज काढायचं आम्ल लावू नका, ते जस्त-अॅल्युमिनियमचे ओतीव असतात, खाऊन जातील. पंपाला खाली काचेची वाटी असेल तर ती गाळाची. शेजारी छोटी कांडी असेल तर ती हाताने पेट्रोल चढवायची, गाडी महिनाभर उभी राहिली की सेल्फ मारण्याआधी दहा-बारा वेळा हलवा.

पेठेतला पाना

पीटीओच्या मागच्या पेटीत वेगळं तेल आसतं, ते बघ. आतापर्यंत पाणी झालं आसंल. सील गेलं आसंल तर जुनं सील घेऊन मापानं मिळवता येतं. गव्हर्नरचं ब्रॅकेट तसंच ठेव. आणि कधी पीटीओ उतरवलासच तर त्या तोंडावर झाकण बसवल्याबिगर गाडी चालू करू नकोस, सगळं तेल रस्त्यावर.

फोर बाय फोर

ती बिजागरी आणि ब्लॅकआउट दिवे विकणार असाल तर मला निरोप करा. माझ्या ओळखीत एकजण जीपीडब्ल्यू करतोय.

संपादक

खरेदी-विक्री या धाग्यावर नको, त्याला वेगळा विभाग आहे.

भोगावतीकाठ

विकायचं नाही, पण ज्या गाडीचे आहेत त्या गाडीवर बसणार असतील तर बोलू. निरोप केलाय.

आंबोलीकर

धागा चांगला चाललाय म्हणून माझंही घुसडतो. आमच्याकडे मामांची लँड रोव्हर सिरीज टू आहे. क्लच हाउसिंगच्या खाली एक भोक, आणि त्यात बसेल असा आट्यांचा मोठा प्लग वेगळा ठेवलेला सापडला. मी तो जागेवर बसवून टाकला. बरोबर ना?

माजी ईएमई

काढा तो आजच. पाण्यातून गाडी न्यायची असेल तेव्हाच तो प्लग लावायचा, पाणी क्लचपर्यंत जाऊ नये म्हणून. एरवी ते भोक उघडंच हवं. क्रँकच्या मागच्या सीलमधून थोडं तेल गळतंच, त्याला बाहेर पडायची ती वाट आहे. बंद केली की तेल साठतं आणि क्लच प्लेट भिजते. आंबोलीच्या घाटात क्लच घसरायला लागला तर काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको. काढल्यावर किती तेल पडलं ते इथं लिहा.

आंबोलीकर

काढला. चहाचा अर्धा कप भरेल एवढं. काळं.

माजी ईएमई

अर्धा कप म्हणजे लवकर काढलात. आता पुठ्ठा खाली ठेवून रात्रभर बघा, थेंब किती पडतात. बशीएवढा डाग असेल तर सीलचं काम काढा, रुपयाएवढा असेल तर चालवा.